सोबत जोडले आहे: संगणकज्ञान

सरकारी नोकरीच्या अर्जात एक रकाना असतो: संगणक अर्हता धारण केली आहे काय? ‘होय’वर खूण केली की लगेच प्रमाणपत्राचा क्रमांक विचारतात. संगणक चालवता येतो का, हे मात्र कुणी विचारत नाही. इतका खाजगी प्रश्न विचारणं आपल्या संस्कृतीत बसत नाही.

2001 साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचं नाव घरोघरी पोचलं. ज्या गावात एसटी दिवसातून दोनदा यायची, तिथल्या पोरीबाळींनी या निमित्तानं पहिल्यांदा माउस हातात धरला. हे श्रेय कुणी नाकारू नये. पुढे सरकारी कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढीशी ही अर्हता जोडली गेली, तेव्हा चाळिशी लावलेल्या हेडक्लार्कांनाही ज्ञानाची ओढ लागली. ज्ञानेश्वरीनं जे साधलं नव्हतं ते एका इन्क्रिमेंटनं साधलं.

आता तर अभ्यासक्रम घरबसल्या करता येतात. ‘संगणकाची तोंडओळख’ हा व्हिडिओ दुप्पट वेगानं लावायचा आणि शेजारी मेथी निवडत बसायचं. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला की नाही, एवढंच ते यंत्र बघतं. समोर माणूस आहे की मेथी, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. मग प्रश्नमंजूषा: संगणकाचे जनक कोण? पर्याय अ, चार्ल्स बॅबेज. हा प्रश्न चुकणारा माणूस अजून जन्माला यायचाय. बॅबेजसाहेबांचं गणकयंत्र त्यांच्या हयातीत काही पूर्ण झालं नाही. त्यांनी आखलेलं एक यंत्र लंडनच्या सायन्स म्युझियमनं 1991 साली बांधून दाखवलं, तेव्हा साहेबांना जाऊन 120 वर्षं झाली होती. यंत्र चालताना न बघताही त्या विषयात नाव कमावता येतं, ही परंपरा थेट जनकांपासूनची आहे. आपले उत्तीर्ण विद्यार्थी ती नेटानं पुढे नेत आहेत.

खात्री करायची असेल तर कुठल्याही कचेरीत जाऊन बसावं. एक्सेलच्या एका पानात 10,48,576 ओळी मावतात. आपल्या कचेरीत त्यातल्या चौदा वापरतात: वरच्या ओळीत खात्याचं नाव, मग बारा कर्मचारी, शेवटी एकूण. ही ‘एकूण’ येते कुठून? भाऊसाहेब ड्रॉवर उघडतात, कॅल्क्युलेटर काढतात, पडद्यावरचे आकडे बोट ठेवून एकेक करून त्यात मारतात आणि आलेली बेरीज चौकटीत टाइप करतात. मग खात्री म्हणून पुन्हा एकदा, खालून वर. भिंतीवर त्यांचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून लावलेलं असतं. फाइलचं नाव ‘फायनल’. तिच्याखाली ‘फायनल नवीन’ आणि त्याखाली ‘फायनल साहेबांनी बघितलेली’. तिन्हींतली खरी कुठली, ते रजेवर गेलेल्या मॅडमना माहीत.

ज्यावाचून खरोखर अडतं, ते कुठल्याच धड्यात नसतं. फोटो 20 ते 50 केबीत आणि सही 20 केबीच्या आत कशी बसवायची, या एका प्रश्नानं राज्यातल्या तरुणांच्या जितक्या रात्री खाल्ल्या, तितक्या प्रेमभंगानंही खाल्ल्या नसतील. शेजारच्या खात्यातून आलेलं मराठी पत्र आपल्याकडे उघडलं की त्यातून चिनी-मोडी संकरातलं काहीतरी का बाहेर येतं, हेही कुणी शिकवत नाही. ऑनलाइन अर्ज भरून झाल्यावर त्याची प्रिंट काढायची, तिच्यावर सही करायची, ती स्कॅन करायची, पुन्हा चढवायची आणि वर ‘हार्ड कॉपी’ समक्ष नेऊन द्यायची, या योगासनाचंही प्रात्यक्षिक नसतं. पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या निघतो. त्याला सही-शिक्क्याची गरज नाही, असं त्याच्यावरच छापलेलं असतं. तो घेऊन खिडकीशी जावं. आतला माणूस ती ओळ चष्मा सावरून नीट वाचतो आणि म्हणतो, “बरोबर आहे. फक्त यावर तलाठ्याचा शिक्का आणा.” या माणसाकडेही प्रमाणपत्र आहे आणि त्याच्या साहेबांकडेही.

मग गावाचं चालतं कसं? चालतं ते बसस्टँडसमोरच्या सेवा केंद्रातल्या पोरावर. पीकविमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, भरतीचा अर्ज, सगळं तोच भरतो. सर्व्हर कधी उठतो आणि कधी झोपतो, हे त्याला तोंडपाठ असतं. फोटो तो बघता बघता 49 केबीत बसवतो. ओटीपी आला की अख्खी रांग आपापले मोबाइल त्याच्यापुढे धरते. संगणकाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची नोंदणीसुद्धा लोक त्याच्याकडूनच करून घेतात. ईमेल त्याचा, पासवर्ड त्यानं ठरवलेला आणि दोनशे पानी वहीत त्यानंच लिहून ठेवलेला. घाईत असलेल्यांची प्रश्नमंजूषाही तो वेगळे पैसे घेऊन सोडवून देतो.

परवा त्याच सेवा केंद्राच्या चालकासाठी जाहिरात निघाली. या पोराचा अर्ज पहिल्याच छाननीत बाद झाला. कारण: संगणक अर्हता नाही. बाद झालेल्यांची यादी ज्या लिपिकानं केली, त्याचं प्रमाणपत्र याच पोरानं काढून दिलं होतं.