उपासाला काय चालतं?

चिरंजीवांच्या जांघेत रडताना गाठ येते हे कळलं मात्र, आख्ख्या आळीने निदान करून टाकलं. कुणी म्हणे फणसाचे गरे बाधले, कुणी म्हणे दृष्ट. सर्जनांनी मात्र कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटातून अंड खाली उतरतं, ती वाट मागाहून बुजायला हवी. याची उघडीच राहिली, त्यातून आतडं डोकावतं. लहान मुलांना जाळीबिळी लागत नाही, पिशवी बांधून टाकायची, संध्याकाळी घरी.

"म्हणजे बाहेर पडल्यावर दार लावलं नाही," आई म्हणाली. "बापावर गेलाय."

ऑपरेशन सोपं होतं, उपास कठीण. आधीचे सहा तास खाणं बंद, पाणी दोन तास आधीपर्यंत. भुलीत उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. आता रत्नागिरीत मे महिना, माजघरात पेंढ्यात हापूसची आढी, आणि पोर पहाटेच उठून नाक वर करून बसलेलं! जन्मभर एकादश्या केलेल्या आईला नातवाचा उपास बघवेना. दवाखान्यात तिने सिस्टरला गाठलंच.

"एक फोड देऊ का? फळ उपासाला चालतं."

"आजी, हा उपास देवाचा नाही, भूलतज्ज्ञांचा आहे."

भूलतज्ज्ञांनी मास्क लावता लावता विचारलं, "कुठला आंबा आवडतो?" पोर म्हणालं, "पायरी." रत्नागिरीत हे बोलायचं धाडस भुलीआधीच! त्यांनी काही न बोलता त्याला झोपवलं.

बाहेर बाकावर मी आईला धीर द्यायला निकोलची गोष्ट सांगितली. ग्लासगोच्या या सर्जनने 1909 साली दहा वर्षांतल्या 8,988 बालशस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. मुलांना वॉर्डात न ठेवता घरी पाठवलेलं, कारण लेकरू आईपाशीच उत्तम राहतं.

"आजीचं काही लिहिलेलं दिसत नाही," आई म्हणाली.

ते सोडून मग तिला काही सुचेना. आतलं काम मात्र तोवर आटोपलं होतं.

घरी आल्यावर धावायला बंदी, त्यामुळे चिरंजीवांनी प्रदर्शन मांडलं. येईल त्याला चड्डी सरकवून पट्टी दाखवायची. नारळ घेऊन समोरच्या काकू आल्या नि कौतुकाने म्हणाल्या, "बघू रे!"

"आधी तुमची दाखवा."

काकूंचं गेल्या वर्षी पित्ताशय काढलंय, हे त्याला कुणी सांगितलं याचा तपास लागलेला नाही. आई त्या दिवसापासून माझ्या नजरेला नजर देत नाही.