घरचं शिबिर, फी माफ

तळवडे, चाकण, भोसरी या पट्ट्यात सुधारणेला सुट्टी नसते. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके हे कारखान्यातल्या शिस्तीचे पाच जपानी शब्द इथल्या आयटीआय झालेल्या पोराला झोपेतून उठवून विचारले तरी क्रमाने सांगता येतात. सोमवार ते शनिवार तो हत्यारं जागेवर ठेवतो, फरशीवरचं तेल पुसतो, काइझेनच्या फलकावर सूचना लिहितो. रविवारी त्याला कुणीतरी विचारतं, की मशीन सुधारलं, लाइन सुधारली, आता तुझं काय? उत्तर त्याच्याकडे नसतं. विचारणाऱ्याकडे असतं: तीन दिवसांचं, हायवेलगतच्या हॉटेलातल्या एसी हॉलमधलं, दुपारच्या जेवणासह.

अशा शिबिराला जाणारे देहूतले चिरंजीव कुण्या एका घरातले नाहीत. माळवाडीपासून विठ्ठलवाडीपर्यंत चौकशी केली तर प्रत्येक आळीत निघतील. त्यांची लक्षणंही ठरलेली.

तिसऱ्या रात्री घरी आल्यावर चिरंजीव आधी वडिलांना मिठी मारतात. वडील दचकतात. या घरात पुरुषांनी एकमेकांना मिठी मारायची वेळ आजवर फक्त जमिनीचा दावा जिंकल्यावर आली होती. ‘बाबा, मी तुम्हाला माफ केलं,’ असं चिरंजीव म्हणतात. कशाबद्दल, ते वडिलांना कळत नाही. आपण याचं नेमकं काय केलं होतं, हे ते रात्रभर आठवत पडतात. सकाळी आईला समजतं की तिच्या बोलण्यात ‘लिमिटिंग बिलीफ’ आहेत. बहिणीचा ‘माइंडसेट’ कोता निघतो आणि आजीची ‘एनर्जी’ खाली गेलेली असते. बीपीची गोळी संपली म्हणून, असं आजी सांगते. आठवडाभराने बँकेचा मेसेज येतो आणि घराला पटतं, की रूपांतर खरोखर झालेलं आहे. नऊ हप्त्यांत.

यातली किंमत पायरीपायरीने चढते. वेबिनार ९९ रुपयांचा. वेबिनारात कळतं, की खरं ज्ञान तीन दिवसांच्या शिबिरात आहे. शिबिरात कळतं, की तीन दिवसांत अडचण फक्त ओळखता येते. ती सुटते ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये कळतं, की जो दुसऱ्याला घेऊन येतो तोच स्वतः वाढतो. इथून पुढे चिरंजीव संस्थेचे विक्रेते होतात, बिनपगारी, आणि वर फी भरून. चाकणच्या एकाही लेबर कंत्राटदाराला हे आजवर जमलेलं नाही.

कला मात्र जुनी आहे. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वर्नर एर्हार्ड यांनी ‘एस्ट’ नावाचं प्रशिक्षण सुरू केलं. ते आधी मोटारी विकायचे, मग ज्ञानकोश विकणाऱ्यांना तयार करायचे. म्हणजे वाहन उद्योगाशी या धंद्याचं नातं मुळातलंच. दोन शनिवार-रविवार, सुमारे ६० तास, हॉटेलच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा, आणि लघवीला जायचं ते ठरलेल्या सुट्टीतच. सत्तरच्या दशकाच्या मध्याला त्याची फी २५० डॉलर होती. १९८४ मध्ये ‘एस्ट’ बंद होईपर्यंत सुमारे सात लाख माणसं त्या खुर्च्यांवर बसून गेली.

एवढा त्रास पैसे मोजून सोसल्यावर माणूस चिडत कसा नाही? याचं उत्तर १९५९ मध्येच मिळालेलं आहे. इलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी ६३ विद्यार्थिनींना एका चर्चागटात प्रवेश देऊ केला. काहींना प्रवेशासाठी परक्या पुरुषासमोर लाज वाटेल असे शब्द मोठ्याने वाचायला लावले, काहींना सौम्य शब्द दिले, काहींना तसंच आत घेतलं. मग सगळ्यांना एकच चर्चा ऐकवली, मुद्दाम रटाळ केलेली. जिला जास्त लाज सोसावी लागली, तिला ती चर्चा जास्त आवडली. आता नऊ हप्त्यांच्या धन्याने शिबिर भिकार होतं असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

अशा वेळी देहूतलं घर हातावर हात ठेवून बसत नाही. ते बैठक बोलावतं. अध्यक्षस्थानी थोरले तात्या. मोशीहून मेव्हणे येतात, आळंदीहून मामा. पोलिसात ओळख असलेला एक चुलतभाऊ खास बोलावलेला असतो. शेजाऱ्यांना ऐकू जायला नको म्हणून दार लावतात. चिरंजीवांचा मोबाईल काढून घेतात, त्यांना मधोमध बसवतात. मग एकेक जण मन मोकळं करतो. नववीतला गणिताचा पेपर, सोडलेली पहिली नोकरी, नाकारलेलं हिंजवडीचं स्थळ, सगळं क्रमाने बाहेर पडतं. पाणी मागितलं तर ‘आधी उत्तर दे.’ तिसऱ्या तासाला आई रडते. शेवटी चिरंजीवांना तुकोबांची शपथ घालतात.

बंद दार, जप्त फोन, चारचौघांत चिरफाड, उठायला बंदी, अखेरीस अश्रू आणि शपथ. ‘एस्ट’ला ज्याला ६० तास लागले ते तात्यांनी तीन तासांत करून दाखवलं, आणि तेही पोह्यांसकट फुकट. फरक एवढाच, की शिबिरात शेवटी टाळ्या वाजतात.

शिवाय प्रशिक्षकाने निघताना सांगून ठेवलेलं असतं: तुम्ही बदललात की जवळचीच माणसं बिथरतील, तुम्हाला मागे ओढतील. हे भाकीत तात्या लगेचच खरं करून देतात. त्याच रात्री चिरंजीव पिशवी भरतात आणि थेरगावला ‘बॅच’मधल्या दोघांच्या खोलीवर राहायला जातात.

तात्यांची पद्धत अमेरिकेने आधीच वापरून पाहिली होती. सत्तरच्या दशकात टेड पॅट्रिक नावाच्या गृहस्थांनी पंथात गेलेल्या मुलांना आईबापांच्या सांगण्यावरून उचलून आणायचं आणि कोंडून त्यांचं मन वळवायचं, असा व्यवसायच सुरू केला. पुढे त्यांनाच तुरुंगाची हवा खावी लागली. १९९१ मध्ये वॉशिंग्टन राज्यात अठरा वर्षांच्या एका मुलाला आईने असंच एका तज्ज्ञाकरवी उचलायला लावलं. पाच दिवसांनी मुलगा निसटला आणि कोर्टात गेला. १९९५ मध्ये ज्यूरीने त्याला जवळजवळ पन्नास लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. आईवडिलांना अशा तज्ज्ञांपर्यंत पोचवणारी संस्था त्यात दिवाळखोरीत गेली. नंतर मायलेकांचं जमलं आणि मुलाने तज्ज्ञाशी तडजोड केली: ५,००० डॉलर रोख, आणि त्याच तज्ज्ञाच्या सेवेचे २०० तास. चुलतभावाने पोलिसातल्या ओळखीला फोन लावण्याआधी हा हिशेब डोळ्यांखालून घालावा.

आणि अडकलेला माणूस उपकार मानेल, ही अपेक्षाही सोडावी. २०११ मध्ये स्पीक एशिया या कंपनीचा डोलारा कोसळला. ११,००० रुपये भरायचे, घरबसल्या ऑनलाइन सर्वेक्षणं भरायची आणि पैसे मिळवायचे, अशी तिची योजना होती. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास सुरू केला, तेव्हा पैसे अडकलेल्या सभासदांनी संघटना बांधली आणि कोर्टाची वाट धरली. कंपनीविरुद्ध नव्हे, कंपनीच्या बाजूने.

याहून वेगळी वाट एका आईने धरली. अमेरिकी अभिनेत्री कॅथरीन ऑक्सनबर्ग यांच्या मुलीचं नाव इंडिया. २०११ मध्ये आईच तिला घेऊन ‘नेक्झिअम’ या संस्थेच्या यशस्वी होण्याच्या वर्गाला गेली. आईला तो वर्ग रुचला नाही, मुलगी मात्र वर्षानुवर्षं आत शिरत गेली. तिथे गुरूला ‘व्हँगार्ड’ म्हणायचं आणि बढतीनुसार रंगीत पट्टे गळ्यात घालायचे. २०१७ मध्ये आईने समोरासमोर बसून विषय काढला, तर मुलीने संस्थेचीच बाजू मांडली. आईने मग मुलीशी भांडण्यात वेळ घालवला नाही. तिने बाहेर पडलेल्या माणसांना शोधलं, कागद गोळा केले आणि ती वर्तमानपत्रांकडे, तपास यंत्रणांकडे गेली. मार्च २०१८ मध्ये गुरू कीथ रॅनिएरी मेक्सिकोत पकडले गेले, त्यानंतर मुलगी बाहेर आली. २०२० मध्ये गुरूंना १२० वर्षांची शिक्षा झाली. आत्मसुधारणेला इतका अवधी क्वचितच कुणाला मिळतो.

आपल्याकडे कायदा आहे, पण शिबिरवाला त्याच्या फटीतून नीट वाकून जातो. ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून फसवणं हे त्यात गुन्हे ठरले. कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा यांना उघड सूट मिळाली. शिबिरवाला दोन्हींत बसत नाही. तो दैवी म्हणत नाही, ‘क्वांटम’ म्हणतो. भूत उतरवत नाही, ‘ब्लॉक’ काढतो. निखाऱ्यांवरून चालवतो आणि त्याचा व्हिडिओ चिरंजीवांच्या स्टेटसला झळकतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हेच चालणं गावोगाव फुकट करून दाखवतात आणि वर कारणही सांगतात: कोळसा उष्णता सावकाश पोचवतो, पाऊल क्षणभरच टेकतं. मनःशक्तीचा त्यात भाग नसतो, आणि रेंगाळलं तर काय होतं तेही ठाऊक आहे. जून २०१६ मध्ये डॅलसला प्रेरक वक्ते टोनी रॉबिन्स यांच्या कार्यक्रमात तीसहून अधिक जणांच्या भाजलेल्या पायांवर उपचार करावे लागले.

डिसेंबर २०२३ मध्ये तर दहा दिवसांत एमबीए शिकवू म्हणणाऱ्यांपासून सावध राहा, असा जाहीर इशारा तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईला द्यावा लागला. ही बातमी बैठकीत वाचून दाखवली तेव्हा तात्यांनी विचारलं, ‘मग किती दिवसांत होतं?’

खरं तर या बाबतीत देहूला बाहेरच्या तज्ज्ञाची गरज पडू नये. तुकोबांचं घर महाजनकीचं, सावकारीचं. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने ते मोडलं. परंपरा सांगते, की घरातल्या कर्जखतांपैकी निम्मी त्यांनी धाकट्या कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. त्याच गावचे चिरंजीव आज आत्मोन्नतीसाठी मोबाईलवर अंगठा टेकवून कर्ज काढतात. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. तिथे प्रवेशिका नव्हती आणि पुढची लेव्हलही नव्हती. तरी घरच्या बाईच्या हिशेबाने माणूस बाहेर आणि पोरं उपाशी. या बाईने, आवलीने, विठ्ठलासकट सगळ्यांचा उद्धार केला, हे कीर्तनकार रंगवून सांगतात. त्या रंगात एक गोष्ट झाकली जाते, की तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच ती रोज भाकरी घेऊन डोंगर चढायची.

मून पंथात दोनेक वर्षं काढून बाहेर पडलेले अमेरिकी समुपदेशक स्टीव्हन हॅसन पुस्तकांतून जे सांगतात ते याच्या फार पलीकडचं नाही: संस्थेला शिव्या देऊ नका, बोलणं तोडू नका, प्रश्न विचारा आणि उत्तराला वेळ द्या. बैठकीला न आलेल्या आत्याने यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही. तिला मोतीबिंदू दाखवायला पिंपरीला वायसीएम रुग्णालयात जायचं असतं आणि सोबत कुणी नसतं. ती थेरगावला फोन करते. चिरंजीव बाईक घेऊन येतात.

‘हातात किती पडतात रे?’ ‘नाइट शिफ्ट किती दिवस?’ ‘जेवतोस कुठं?’ आत्याचे प्रश्न एवढेच. गेल्या काही वर्षांत घराने चिरंजीवांना एकच प्रश्न विचारला होता, पर्मनंट झालास का, आणि दर वेळी कंत्राटात ब्रेक मिळाला की तो अधिक मोठ्या आवाजात विचारला होता. हॉटेलातल्या हॉलमध्ये पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं अर्धा तास ऐकून घेतलं. त्याची फी होती, पण ऐकून घेतलं. आत्याकडे फी नाही. रुग्णालयाच्या रांगेत वेळही भरपूर. ‘तुझे ते सर स्वतः कुठं शिकले?’ असं ती सहज विचारते आणि नंबर आला म्हणून उत्तर न ऐकताच आत जाते. पुढच्या खेपेला चिरंजीव आपण होऊन सांगतात, की पुढच्या लेव्हलसाठी सात माणसं आणायची आहेत आणि त्यांच्या ओळखीत आता तेवढी माणसं उरलेली नाहीत.

दुसरीकडे वहिनी कागदांना लागते. नवा हप्ता घरातून गुपचूप भरायचा नाही, नव्या कर्जाला जामीन राहायचं नाही, आणि फीची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, करारपत्र जपून ठेवायचं. मोबाईलवरच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी माघार घेण्याची मुदत दिली आहे. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय सुटता येतं. चिरंजीवांची ती मुदत केव्हाच उलटलेली असते, पण ‘बॅच’मधल्या एकाला ती उपयोगी पडते. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. आणि शिबिरानंतर पोरगं रात्र रात्र झोपत नसेल, अचाट बोलत असेल, तर वहिनी तात्यांआधी टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करेल, हेही तिने आधीच जाहीर केलेलं असतं.

अखेर चिरंजीव स्वतःच्या हाताने संस्थेला मेल लिहितात: उरलेल्या लेव्हल नकोत, पैसे परत करा. उत्तर दहा मिनिटांत येतं, अत्यंत प्रेमळ. परताव्याचा विचार जरूर होईल, मात्र त्यासाठी एक दिवसाचं ‘क्लोजर सेशन’ पूर्ण करणं आवश्यक आहे. फी ४,९९९ रुपये, १८ टक्के जीएसटी वेगळा. वहिनी ते उत्तर छापून तक्रारीच्या फाइलला लावते. तात्या चष्मा लावून ते दोनदा वाचतात आणि हळूच विचारतात, ‘दोघांची एकदम भरली तर काही कमी करतात का, बघ जरा.’