मामांचे काळवीट

कुंभकोणमच्या महामहम तळ्याभोवती सोळा मंडप आहेत. त्यांतल्या एका मंडपाजवळच्या पायरीवर संध्याकाळी गळ्यात दुर्बीण अडकवलेले एक गृहस्थ बसतात. दुर्बिणीतून पाहावं असं तळ्यात काही नसतं, पण वकील कोर्टाबाहेरही काळा कोट काढत नाहीत, तसंच हे. हे माझ्या बायकोचे मामा. व्यंकोजीराजांच्या काळी इकडे आलेलं तंजावरी मराठी घराणं. घरात मराठी बोलतात, भांडण रंगलं की तमिळवर जातात. इथला कुठलाही मराठी माणूस पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, की त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण टी. माधवराव आमच्याच गावचे. मामा सांगत नाहीत. मामा काळवीट सांगतात.

प्रत्येक गावात एक माणूस असा असतो, की कुठली गोष्ट कुठे असायला हवी हे त्याला नक्की ठाऊक असतं आणि ती तिथे नसली, तर का नाही हेही ठाऊक असतं. पुण्यात असे लोक पावसावर बोलतात, मुंबईत लोकलवर. मामांनी कोडियक्करैचं अभयारण्य धरलं आहे. नागपट्टिनम जिल्ह्याच्या टोकाला, समुद्राच्या कडेला, 1967 साली खास काळविटांसाठी राखलेली ही जागा. गावातल्या बाकीच्यांना कोडियक्करै म्हटलं की कल्कींच्या ‘पोन्नियिन सेल्वन’मधली नाव वल्हवणारी पूंगुळली आठवते. मामांना ती कादंबरी पसंत नाही. तिच्यात काळवीट फार कमी आहेत.

‘‘जावई, काळवीट म्हणजे शिस्तीचं जनावर,’’ मामा पितळी टंबलरमधली कॉफी डबऱ्यात उंचावरून ओतत सांगतात. ‘‘दाट झाडीत शिरायचं नाही. आखूड गवत हवं, लांबवर नजर पोचायला हवी. माद्या चाऱ्यामागे फिरतात. मोठा नर मात्र आपला तुकडा धरून उभा राहतो, ठरलेल्या जागी लेंड्या टाकून हद्द आखतो. वय वाढेल तसा काळा होत जातो.’’

‘‘हे उलटे, पांढरे झाले,’’ मामी आतून म्हणतात. ‘‘पण जागा सोडत नाहीत. पायरीवर पंचा टाकून ठेवलेला असतो. परवा कुणी पाहुणा चुकून तिथं बसला, तर हे तो उठेपर्यंत समोर उभे राहून खोकत होते.’’

मामांच्या बरोबर कोडियक्करैला गेलो, तेव्हा आदल्या रात्री त्यांनी वहीत नकाशा काढून दाखवला होता. सकाळी लवकर, रामर पादमच्या अलीकडच्या गवतावर, सगळा कळप. रामर पादम म्हणजे रामाच्या पावलांची टेकडी. सगळा मुलूख समुद्राच्या पातळीला टेकलेला, त्यात चारेक मीटर उंचीची ही टेकडी म्हणजे तिथला सह्याद्रीच. मन्नारगुडी, तिरुत्तुरैपूंडी, वेदारण्यम असे बसचे धक्के खात आम्ही पोचलो. गवतावर कळप होता, तट्टांचा. माणसांनी कधीकाळी सोडून दिलेल्या घोड्यांची ही रानटी झालेली अवलाद.

मामा जराही डगमगले नाहीत. ‘‘बरोबर आहे. तट्टं गवत खातात, मग काळवीट सरकतात.’’ थोडं पुढे गेलो, तिथे विलायती बाभळीचं रान. ‘‘इथं पूर्वी मैदान होतं. आता बाभळीनं कोंडलं. आणि गंमत बघा, चारा आटला की तिच्याच शेंगा काळवीट खातात, लेंड्यांतून बी पेरतात. स्वतःचं मैदान स्वतःच बुजवतात.’’ आणखी पुढे नुसता चिखल. ‘‘परतीच्या पावसात सखल भाग बुडतो, तेव्हा ते उंचावर जातात.’’ उंचावरूनच तर आलो होतो, हे मी बोललो नाही. शेवटी 2018 च्या गजा वादळानं पाडलेल्या झाडांचाही उल्लेख झाला.

खरी अडचण अशी, की मामांची सगळी कारणं खरी असतात. तिथे अभ्यास करणारी माणसंही तट्टं, बाभूळ आणि पाणी हेच बोलतात. मायिलाडुतुरैच्या ए. व्ही. सी. कॉलेजात वन्यजीवशास्त्राचा विभाग आहे. तिथलं कुणी भेटलं, तर मामा त्याला बोलू देत नाहीत. फक्त अभ्यासक आधी जनावर शोधतात आणि मग कारण. मामांचं कारण घरून निघतानाच डब्यात भरलेलं असतं.

काळवीट दिसला तो परतताना, आम्ही सकाळी जिथे उतरलो त्या रस्त्याच्या कडेला. एकटा काळाभोर नर, पिळाची शिंगं, एखाद्या जमीनदारासारखा आमच्याकडे बघत होता. मामांनी दुर्बीण लावली. अंतर इतकं कमी होतं, की दुर्बिणीत त्यांना बहुधा त्याचं नाकच दिसलं असेल. ‘‘बघा,’’ ते म्हणाले, ‘‘मी काय सांगत होतो?’’

पुण्याला परतलो, तरी त्यांचे फोन येत राहिले. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी बघून या, असा हुकूम झाला. ते 1980 सालचं अभयारण्य, क्षेत्र अवघं 2.17 चौरस किलोमीटर. एका रविवारी गेलो. कळप दिसला, पण अभयारण्याच्या बाहेर, कुणाच्या तरी ज्वारीत. फोनवर सांगितलं.

‘‘अहो, तेवढ्यात त्यांचं भागणार कसं? बाहेर बघा असं मी म्हटलंच होतं.’’

ते म्हणाले नव्हते. मागून मामींचा आवाज आला, ‘‘त्या काळविटांचं राहू दे. वाण्याची यादी कुठं ठेवलीत?’’

‘‘रेडिओखाली.’’

थोडा वेळ काहीतरी सरकवल्याचे आवाज आले. ‘‘इथं नाही.’’

‘‘कशी असेल?’’ मामा म्हणाले. ‘‘तू पंखा लावलास ना!’’