लखपती रुपया

डिचोली तालुक्यातल्या कारापूर-तिस्कावर कुणी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि आवाज खाली आणला, की आत नाणं आहे असं खुशाल समजावं. नाण्यावर काय लिहिलंय ते मालकाला ठाऊक नसतं. किंमत मात्र पाठ असते. पाच लाख! आकडा मोबाइलवरच्या व्हिडिओने सांगितलेला, त्यामुळे घासाघीस नाही.

पुरचुंडीतून बहुधा रामदरबार निघतो. एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि साल 1818. मिरी-मसाल्याच्या व्यापाऱ्यांना एवढी भक्ती कधी सुचली नव्हती. कंपनीच्या एकाही टांकसाळीत असलं नाणं पडलेलं नाही. देवळांबाहेर विकली जाणारी ही टोकनं. त्यांतली काही म्हणे तांदूळ खेचतात. (तांदूळ खेचण्याची कला जेवणावळीत बसणाऱ्यांना नाण्याविनाही अवगत आहे.)

कधी मात्र अस्सल माल निघतो. पोर्तुगीज इंडियाचा चांदीचा रुपया, राजा लुईशच्या मुखवट्याचा, 1881 किंवा 1882 सालचा. राजा लिस्बनचा, पण टांकसाळ कलकत्त्याची! 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर हे रुपये तिथे पाडून घेतले. म्हणून वजन इंग्रजी रुपयाइतकंच, 11.66 ग्रॅम, आणि हजारात 917 भाग चांदी. सोळा तांग मोजले की असा एक रुपया. सोनाराच्या काट्यावर ठेवला की अर्धा निकाल लागतो. लोहचुंबकाला चिकटला तर उरलेला अर्धाही. तरीही शंका असेल तर भिंग घ्यावं: ओतीव नकलेच्या कडेवर सांध्याची बारीक रेघ सापडते आणि राजाचा गाल देवी येऊन गेल्यासारखा खडबडीत दिसतो.

खरा ठरला तरी पाच लाख नाहीतच. हा रुपया अजून बऱ्याच घरांत आहे, आणि नाण्याचा भाव वयावर नव्हे, दुर्मिळतेवर आणि अवस्थेवर ठरतो. राजाचे केस वेगवेगळे दिसले तर उत्तम. टक्कल पडलं असेल तर चांदीचा भाव. त्यात गिऱ्हाईक येणार म्हणून घरातलं कुणीतरी समईबरोबर राजालाही चिंच लावून घासतं. रुपया लखलखतो, संग्राहक कपाळाला हात लावतो. त्याला हवी असते ती शंभर वर्षांत चढलेली काळपट छटा. पणजीच्या गळ्यातल्या माळेसाठी भोक पाडलेलं असेल, तर बोलायलाच नको.

चुकांचा बाजार याहून मजेदार. 1912 च्या काही रुपयांवर 1 वर 2 ठोकलेला दिसतो. जुनाच साचा दुरुस्त करून वापरलेला. काही नाण्यांवर एका बाजूला चित्र उठावाचं आणि दुसऱ्या बाजूला तेच उलटं, खोलगट. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिल्याचा हा प्रताप. अशांना चढा भाव. रेल्वेच्या रुळावर चपटा करून आणलेल्या रुपयाला मात्र कुणी विचारत नाही, कारण चूक टांकसाळीची लागते, चिरंजीवांची नव्हे.

चुकीविनाही मोलाचं नाणं असतं: कदंब राजांच्या सोन्याच्या 'गद्याण' नाण्यावर सिंह असतो आणि 'श्री सप्तकोटीश्वर लब्ध वरप्रसाद' अशी अक्षरं. तो देव याच डिचोली तालुक्यातल्या नार्व्यात आहे. असं नाणं पुरचुंडीतून निघालं तर सोनाराकडे नको, आधी जाणकाराकडे न्यावं.

आणि एक. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपण नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय. तेव्हा पाच लाख देण्याआधी 'फक्त पाच हजार भरा' म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या.