गुळव्या पारखून, वकील ऐकून

पुणे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्याला कासुर्डी टोलनाक्यामुळे माहीत. खाली उतरून आत वळलेल्यालाच गुऱ्हाळांचा वास येतो. यवत-केडगावचा हा सगळा पट्टाच उसाचा. ऊस कारखान्याला घालायचा की गुऱ्हाळाला, यावर इथे जेवढा खल होतो तेवढा लग्नावरही होत नाही.

इथला गुऱ्हाळमालक गुळव्या कसा नेमतो, हे एकदा बघण्यासारखे आहे. आधीच्या गुऱ्हाळावर किती हंगाम होता, तिथून का सोडले, कुणाची उचल अंगावर आहे का, अशी आख्खी चौकशी होते. मग एक काहील काढायला लावतात. भेंडीचे पाणी कधी टाकतो, मळी कशी काढतो, पाक कोणत्या घडीला उतरवतो, याकडे चुलवाणाच्या धगीत उभे राहून डोळे लावतात. ढेप फोडून बघतात, चाखून बघतात. त्यानंतर पैशाची बोलणी.

हाच मालक वकील नेमतो तेव्हा चौकशी एका वाक्यात आटोपते : "आपल्या दाजींच्या साडूचा पोरगा वकील झालाय म्हणे."

फार चिकित्सक माणूस असेल तर विचारतो, आवाज कसा आहे? आवाज खणखणीत असला की वकील पसंत. त्यातून त्याने गावात कुणाची बांधाची केस चालवलेली असली तर बघायलाच नको. "समोरच्याला दहा वर्षं खेळवला!" असे कौतुकाने सांगितले जाते. त्या दहा वर्षांत आपलाही पक्षकार तालुक्याला हेलपाटे घालत होता, हा हिशेब कुणी मांडत नाही.

आता बांध कोरण्याचा वाद आणि मार्केट यार्डातल्या आडत्याकडे अडकलेले गुळाचे पैसे, या दोन दुखण्यांचा डॉक्टर वेगळा. पण आमच्याकडे काळा कोट दिसला की सगळी कलमे त्याच्या खिशात आहेत असा गाढ विश्वास. वकिलांचीही यात पंचाईत आहे. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे त्यांना जाहिरात करता येत नाही. आपण अमुक कामातले तज्ज्ञ आहोत असे पाटीवरही लिहायचे नाही. म्हणजे पाटी वाचून काही कळत नाही, विचारावेच लागते. आणि विचारायची आम्हाला लाज! त्यामुळे उरते काय, तर वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या रांगेतले 'ॲड.' हे अक्षर. गावातल्या बऱ्याच नेमणुका त्या फ्लेक्सवरूनच होतात, असा आमचा जुना संशय आहे.

फीचे तर विचारू नका. "वसुली झाली की टक्का देतो की!" ही आमची लाडकी ऑफर. निकालावर ठरणारी फी घ्यायला वकिलाला मनाई आहे, हे सांगणारा वकील आम्हाला घमेंडखोर वाटतो. जो "बघू नंतर" म्हणतो तो घरचा.

चार भावकीतले मिळून गुऱ्हाळ काढतात, तिथे तर पहिल्याच दिवशी वकिलाची फी वाचवली जाते. शेजारच्या गावातल्या टायपिंगवाल्याकडे भागीदारीचा तयार मजकूर असतो, फक्त नावे बदलायची. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टॅम्प गेला आणि पाचशेचा आला, त्यावर चौघेही सरकारला मनसोक्त शिव्या घालतात. मग कुणीतरी दबक्या आवाजात म्हणतो, फर्म रजिस्टर करायची का? त्यावर वडीलधारे रागावतात. "आपण काय परके आहोत का रे?"

परके नाहीतच. परका असतो तो गूळ उचलणारा व्यापारी. १९३२ च्या भागीदारी कायद्याचे कलम ६९ सांगते की नोंदणी नसलेल्या फर्मला करारापोटीच्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. त्या व्यापाऱ्याने मात्र आपल्यावर खुशाल लावावा. इतकी एकतर्फी सोय सख्ख्या जावयालाही कुणी करून देत नाही. आणि आपला बांधाच्या केसवाला वकील ही गोष्ट दावा दाखल झाल्यावर, समोरच्याच्या जबाबात वाचतो.

उधारीसाठी सरकारने एक चांगले हत्यार दिलेले आहे, तेही असेच गंजत पडते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. सावकाराच्या तोंडाला पाणी सुटावे असा हा दर कायद्यात छापलेला आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी माल जाण्याआधीच करून ठेवावी. ती करायला पैसे लागत नाहीत. त्यामुळेच बहुधा तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

रक्कम तीन लाखांच्या पुढची असली तर व्यापारी न्यायालयाचा कायदा आडवा येतो. तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीची पायरी चढावीच लागते. ती चुकवून घातलेला दावा टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली पाटील ऑटोमेशनच्या प्रकरणात सांगितले. निकालाला पाटलांचे नाव आहे, निदान तेवढ्यासाठी तरी तो गावात वाचला जायला हवा होता.

तेव्हा मंडळी, पुढच्या हंगामाआधी वकिलाकडे जा आणि गुळव्याला विचारता तसे विचारा. व्यापारी वसुलीची किती कामे केली? माझे काम तुम्ही स्वतः बघणार की ज्युनियर? फी किती, कशी, आणि पावती देणार का? करारात वाद कुठल्या गावच्या कोर्टात चालेल ते लिहिले आहे का, हे त्याने आपणहून विचारले तर माणूस कामाचा समजा. व्यापाऱ्याच्या छापील कागदावर त्याच्याच गावचे कोर्ट असते आणि आपण त्यावर चहा पिता पिता सही करून मोकळे होतो.

आणि चेक परत आलाच, तर व्यापाऱ्याच्या "पुढच्या सोमवारी नक्की"वर बसू नका. बँकेची सूचना हातात पडल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. मग त्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते उलटले की तक्रारीला एक महिना. त्या ३० दिवसांत दिवाळीही मोजतात आणि यात्राही.