हार्डडिस्कग्रस्त

हार्डडिस्कग्रस्त हा बहुधा पन्नाशीपुढचा, घरातली पासवर्डची वही सांभाळणारा गृहस्थ असतो. लॅपटॉप भरला की फोटो कट करून हार्डडिस्कवर पेस्ट करायचे, याला तो बॅकअप म्हणतो. प्रत एकच उरते. पण ती कपाटात, लग्नातल्या उपरण्यात गुंडाळलेली असल्याने तो निर्धास्त असतो. एक टेराबाइटची डिस्क संगणकावर ९३१ जीबीच दिसते, यावरून तो दुकानदाराशी भांडलेला असतो. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या, हे त्याला आजही पटलेले नसते.

एके दिवशी पडद्यावर निरोप उमटतो : वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करा. येथे दोन पोटजाती पडतात. आज्ञाधारक जात फॉरमॅट करून मोकळी होते. दुसरी वायर काढते, घालते, तोंडावर फुंकर मारते. हा कॅसेटच्या काळातला संस्कार. आतून टक्‌टक् ऐकू आली तर ‘धुगधुगी आहे अजून’ असे घरात जाहीर होते. चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगणारे हेड बहुधा निकामी झाल्याची ती खूण असते आणि डिस्क पुन्हा पुन्हा चालवल्याने चकतीवर ओरखडे पडू शकतात. पण मेहुण्याने फ्रीझरचा उपाय सांगितलेला असतो. डिस्क मटारांशेजारी रात्र काढते आणि बाहेर आल्यावर तिला दव सुटते.

फाइल डिलीट केली तरी बहुधा तिची नोंदच जाते. मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत टिकतो. एवढे ज्ञान होताच तो रिकव्हरीचे सॉफ्टवेअर उतरवून घेतो, त्याच डिस्कवर. फुकट आवृत्ती पोस्टाच्या तिकिटाएवढे फोटो दाखवते आणि ते परत मागताच पैसे मागते. हे दर्शन गाभाऱ्याबाहेरूनच. मग भाचा फोटोरेक चालवतो. ते खरोखर फुकट असते, पण फायली ओळखते त्यांच्या ठेवणीवरून, त्यामुळे मूळ नावे जातात. सत्यनारायण, स्कॅन केलेला सातबारा आणि कुठल्याशा वेबसाइटवरची बटणे सारखेच आकडे लावून रांगेत उभी राहतात. सोसायटीच्या सभेचे जुने इतिवृत्त मात्र धडधाकट परत येते. ते श्रीलिपीत असते आणि फॉन्ट आता कोणाकडेच नसतो.

शेवटी लॅमिंग्टन रोडवरचे रिकव्हरीचे दुकान. मुलीच्या लग्नाचे फोटो अमूल्य आहेत, असे तो काउंटरवर तीनदा सांगतो; चौथ्यांदा सांगण्याआधी समोरचा आकडा सांगतो. डिस्क उपरण्यासकट घरी परतते.

लग्नाचे सगळे फोटो व्याह्यांकडे आहेत, असे बायको पहिल्या दिवसापासून सांगत असते. पण त्याच लग्नातल्या मानपानावरून व्याह्यांशी बोलणे बंद असते.