तोंडाची टकळी पुरे, हातातली दाखवा!

ऐकलंत का? उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या आमच्या वहिनींनी परवा सोलकढीसाठी नारळ फोडला आणि खोबरं ओट्यावर टाकून करवंटी घेऊन पळाल्या. सोलकढी राहिली बाजूला, टकळीला चकती मिळाली म्हणे! आता काय बोलायचं?

ज्या गावात सेंच्युरी रेयॉनमधून सूत टनावारी निघतं, गजानन मार्केटात कापडाच्या गठ्ठ्यांतून वाट काढावी लागते, जीन्सच्या रंगानं बिचारी वालधुनी नदी निळी व्हायची, त्या उल्हासनगरात वीतभर सुतासाठी माणसं बांबू तासत बसलीत? 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मिरवणारे आपण! आणि आता "घरी केलीय हो" म्हणताना माना ताठ?

बरं, नखरे किती! काडी सरळसोटच हवी. चकतीचं भोक अगदी मधोमध. केसभर सरकलं की टकळी पिऊन आल्यासारखी झुलते. मग पॉलिश पेपर, मग खोबरेल, पुन्हा पॉलिश पेपर. पोटच्या पोराच्या डोक्याला इतकं तेल कधी लागलं नसेल. एका काकांनी क्रोशाच्या सुईचा आकडा कोरण्यात तीन रविवार घातले. बोटांना पट्ट्या चार, सुई एक, आणि तीही दोरा फाडणारी!

बदलापूरकर तर त्याहून वरताण. जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावर भागेना. आता छाटलेल्या फांद्यांवरही डोळा. भाच्यानं गलोलीसाठी जपलेली पेरूची बेचकी आत्यानं पळवली. कशाला? तिच्यावर नाडी विणायला! पोरगं भोकाड पसरून बसलंय, नाडी हातभर झालीय. पण कहर लोकलमध्ये. जिथे चौथ्या सीटसाठी भांडणं, तिथे एक बाई हात उंच धरून टकळी गरगर सोडते! "अहो, डोळ्यात जाईल माझ्या," म्हणून अंबरनाथला कडाडलेली बाई उल्हासनगर यायच्या आत हळूच विचारते, "पेळू कुठे मिळतात हो?" गेली, हीसुद्धा कामातून गेली.

आजोबा मात्र खदाखदा हसतात. 1937च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर शाळांत सूतकताई शिरली, तिची झळ त्यांनी सोसलेली. टकळी म्हणजे तास, सूत तुटलं की छडी. "1929 साली चरखा संघानं चांगल्या चरख्याला 1 लाखाचं बक्षीस लावलं होतं," ते डिवचतात, "तुम्हाला काय मिळालं? फोड!" आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकर कातून, चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी विणणारे धनगर आपली ही थेरं बघून काय म्हणत असतील?

आपण? छे, आपण नुसते बघे. आपल्याला तोंडाची टकळी पुरे. पण मग तुमच्या पर्समधून ती तेल पाजलेली काडी का डोकावतेय? राहू द्या, लाजू नका. वहिनींच्या त्या नारळाच्या करवंट्या दोन होत्या. एक त्यांच्याकडे फिरतेय. दुसरीची चौकशी कृपया करू नये.